न्यूटन आणि वजनाचे कोडे

इंग्लंडच्या पूर्व भागात लिंकनशायर नावाचा परगणा आहे. या परगण्यातील वूल्सथॉर्प या लहानशा खेड्यात, एका शेतकऱ्याच्या घरी, १६४२ सालच्या नाताळच्या दिवशी आयझॅक न्यूटनचा जन्म झाला. इंग्लंडात त्या वेळी जुनी कालगणना चालत असे. हल्लीच्या गणनेप्रमाणे तो दिवस ४ जानेवारी १६४३ हा येतो. मुलाचे मुख पाहण्याचे भाग्य पित्याच्या नशिबी नव्हते. जन्मापूर्वी तीनच महिने तो निवर्तला होता. मूल दिवस पुरे होण्याआधीच जन्मले आणि ते इतके इवलेसे व अशक्त होते की, ते एक दिवस तरी काढील की नाही, याची घरच्यांना शंका वाटली. हेच मूल पुढे ८४ वर्षे जगले!

आयझॅक तीन वर्षांचा असता त्याच्या आईने पुनर्विवाह केला आणि ती जवळच्या दुसऱ्या गावी नांदावयास गेली. मुलगा आजीपाशी राहिला. सात-आठ वर्षांनी, दुसरा पतीही वारल्यावर, ती परत आली. परंतु तोवर मुलाचा स्वभाव बनून गेला होता. तो एकलकोंडा व अबोल झाला होता आणि मनातील गोष्ट मनातच ठेवण्याची त्याला सवय जडली होती. ही सवय त्याला जन्मभर सुटली नाही. तिच्यामुळे जगाला त्याचे शोध कळावयास किती उशीर झाला, ते पुढे दिसेलच.

बाराव्या वर्षी त्याला ग्रॅन्थम येथील शाळेत घातले. तेथे तो एका औषधविक्याच्या घरी राहत असे. सवंगड्यांबरोबर खेळण्यापेक्षा हातात करवत व हातोडी घेऊन काही तरी घडवीत बसणे त्याला अधिक आवडे. त्याने लाकडाची छोटी पवनचक्की केली, पाण्यावर चालणारे घड्याळ केले आणि भिंतींवर सूर्याच्या सावलीने वेळ दाखविणाऱ्या रेघा आखल्या. पुढे आईने त्याला शेती पाहण्यासाठी घरी आणले. पण गुरे शेजाऱ्याच्या पिकात शिरत आणि हा कुंपणाशी पुस्तक वाचीत बसलेला असे! हा मुलगा शेतीच्या कामाचा नव्हे, हे शाळेच्या मुख्याध्यापकांनी व मामांनी ओळखले आणि आईची समजूत घालून त्याला पुन्हा शाळेत धाडले. १६६१ साली तो केंब्रिज विद्यापीठातील ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. आरंभी श्रीमंत विद्यार्थ्यांची लहानसहान कामे करून त्याला शिकावे लागले. आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत व शिकत, तशातलाच हा प्रकार म्हणावयाचा.

१६६५ साली लंडनमध्ये प्लेगची भयंकर साथ उसळली. ती केंब्रिजला येऊन पोहोचणार या भीतीने विद्यापीठ बंद झाले आणि बावीस वर्षांचा न्यूटन वूल्सथॉर्पला परतला. पुढील दीड-दोन वर्षांतील बराचसा काळ त्याने त्या खेड्यातच काढला. सफरचंदाची सुप्रसिद्ध गोष्ट याच दिवसांतील होय. सफरचंद त्याच्या डोक्यावर पडले, असे जे सांगतात ते मात्र खरे नव्हे. म्हातारपणी, १६२६ नव्हे तर १७२६ साली, म्हणजे त्या घटनेनंतर साठ वर्षांनी, न्यूटनने स्वतःच ही हकीकत आपल्या एका मित्राला सांगितली. तीत बागेत पडणारे सफरचंद आहे, टेंगूळ नाही.

फळ खाली पडते यात नवल ते कोणते? पृथ्वी वस्तूंना आपल्याकडे ओढते, ही कल्पना त्या काळीही नवी नव्हती. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीत पृथ्वीच्या अंगच्या आकर्षणशक्तीचा उल्लेख आहेच. न्यूटनच्या मनात आलेला प्रश्न निराळा होता. उंच झाडावरील फळाला पृथ्वी ओढते. उंच डोंगराच्या माथ्यावरील दगडालाही ओढते. मग ही ओढ कोठवर पोहोचते? ती चंद्रापर्यंत पोहोचत असेल काय? आणि पोहोचत असेल, तर चंद्र खाली का पडत नाही?

याचे उत्तर मोठे विस्मयकारक आहे. चंद्र सतत पडतच असतो! दोरीला दगड बांधून तो गरगर फिरविला आणि दोरी मध्येच सुटली, तर दगड सरळ रेषेत निघून जातो. चंद्रही तसाच सरळ निघून जावयाचा. परंतु पृथ्वी त्याला क्षणोक्षणी आपल्याकडे वळवून घेते. सरळ वाटेपासून तो जेवढा आत वळतो, तेवढे त्याचे पडणे होय. हे पडणे किती, ते गणिताने काढता येते. पृथ्वीच्या मध्यापासून आपण जितके दूर आहो, त्याच्या साठपट चंद्र दूर आहे. अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाई होते, तिप्पट झाले की नवमांश होते, असा नियम धरला, तर चंद्रावरील ओढ येथील ओढीच्या ३,६०० वा हिस्सा असली पाहिजे. म्हणजे येथे सोडलेला दगड एका सेकंदात जितका खाली येतो, सुमारे १६ फूट, तितके पडावयास चंद्राला एक मिनिट लागले पाहिजे.

न्यूटनने आकडेमोड केली. उत्तर जवळपास आले. पण नेमके आले नाही. पृथ्वीच्या आकारमानाचा जो आकडा त्याने घेतला होता, तोच चुकीचा होता. दुसरा कोणी असता, तर त्याने जवळपास जुळले म्हणून गाजावाजा केला असता. न्यूटनने कागद बाजूला ठेवले आणि कोणाजवळ अवाक्षरही काढले नाही. पुढे फ्रान्समध्ये पृथ्वीचे अधिक काटेकोर मोजमाप झाले आणि त्या आकड्याने हिशेब बरोबर जुळला.

दरम्यान केंब्रिजला परत येऊन १६६९ साली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, तो गणिताचा प्राध्यापक झाला. आरशाची दुर्बीण त्याने स्वतःच्या हाताने घडविली. पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग असतात, हे त्याने लोलकाच्या साहाय्याने दाखविले. १६७२ साली हा शोध प्रसिद्ध होताच त्यावर वाद माजला आणि रॉबर्ट हूक या नामांकित शास्त्रज्ञाने त्यात दोष काढले. न्यूटन इतका दुखावला की, यापुढे आपले विचार जगापुढे मांडूच नयेत असे त्याला वाटू लागले.

त्याच १६७२ साली, इंग्लंडपासून हजारो मैलांवर, एक लहानशी पण मोठी चमत्कारिक गोष्ट घडली. झां रिशे नावाचा फ्रेंच ज्योतिषी ग्रहांचे वेध घेण्यासाठी दक्षिण अमेरिकेतील केयेन या ठिकाणी गेला होता. हे ठिकाण विषुववृत्ताजवळ आहे. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे लंबकाचे घड्याळ त्याने बरोबर नेले होते. ते तेथे दररोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळात कसलाही बिघाड नव्हता. शेवटी लंबक सुमारे तीन मिलिमीटर आखूड केला, तेव्हा कोठे ते वेळेवर चालू लागले. पुष्कळांना वाटले, उष्ण हवेने लंबकाचा दांडा लांबला असावा. तेवढ्याने एवढा फरक पडत नाही. पाच वर्षांनी सेंट हेलेना बेटावर गेलेल्या एडमंड हॅले या तरुण इंग्रज ज्योतिष्यालाही आपला लंबक आखूड करावा लागला.

लंबक हेलकावे खातो तो पृथ्वीच्या ओढीमुळे. ओढ कमी झाली की हेलकावे मंद होतात. तेव्हा केयेनमध्ये पृथ्वीची ओढ पॅरिसपेक्षा कमी आहे, हाच त्याचा अर्थ. आणि पृथ्वीची ओढ म्हणजेच वस्तूचे वजन! पॅरिसहून केयेनला नेलेल्या धातूच्या गोळ्यातील एक कणही वाटेत सांडला नव्हता. तरी त्याचे वजन घटले होते. मग जे घटले ते काय, आणि जे तसेच राहिले ते काय? भाषेत या दोहोंना दोन शब्द नव्हते. बाजारात जो माल तोलला जाई, त्याचे वजन म्हणजेच त्या मालाचे प्रमाण, असे सर्वजण धरून चालत. एवढ्याशा तीन मिलिमीटरांनी त्या समजुतीला तडा गेला.

१६८४ च्या जानेवारीत लंडनमध्ये हॅले, हूक आणि प्रसिद्ध वास्तुशिल्पी ख्रिस्तोफर रेन यांचे बोलणे निघाले. ग्रह सूर्याभोवती दीर्घवर्तुळात फिरतात, हे केप्लरने पूर्वीच दाखविले होते. सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते असे मानले, तर त्यातून दीर्घवर्तुळच निघते, हे सिद्ध करता येईल काय? हूकने आपल्याजवळ सिद्धता असल्याचे सांगितले, पण दाखविली नाही. दोन महिन्यांत जो ती दाखवील, त्याला ४० शिलिंगांचे पुस्तक भेट देण्याचे रेनने कबूल केले. कोणीच पुढे आले नाही. ऑगस्टमध्ये हॅले केंब्रिजला गेला आणि त्याने हाच प्रश्न न्यूटनला विचारला. न्यूटनने तत्काळ उत्तर दिले की, ती वाट दीर्घवर्तुळाची असते. हे आपण गणिताने पूर्वीच काढले आहे. हॅलेने ते गणित पाहावयास मागितले. न्यूटनने कागद धुंडाळले, पण ते सापडेनात! ते पुन्हा लिहून पाठविण्याचे त्याने वचन दिले आणि नोव्हेंबरात नऊ पानांचे टिपण हॅलेच्या हाती पडले. ते वाचताच हॅले पुन्हा केंब्रिजला धावला आणि हे सारे विस्ताराने लिहावे म्हणून त्याने न्यूटनला गळ घातली.

मग न्यूटन कामाला बसला. सुमारे दीड वर्ष त्याला जेवणाखाण्याची शुद्ध नव्हती. ताट खोलीत तसेच पडून राही. या तपश्चर्येतून जो लॅटिन ग्रंथ निर्माण झाला, तो ‘प्रिन्सिपिया’ या नावाने प्रसिद्ध आहे.

या ग्रंथाची पहिलीच व्याख्या वस्तुमानाची आहे. वस्तूत द्रव्य किती भरले आहे, ते तिचे वस्तुमान. वजन ही दुसरी गोष्ट. ज्या पृथ्वीवर किंवा ग्रहावर ती वस्तू असेल, त्याने तिला किती जोराने ओढले, ते तिचे वजन. वस्तुमान वस्तूच्या अंगचे आहे. वजन वस्तू आणि पृथ्वी या दोघांमधील आहे.

हा भेद नीट ध्यानात येण्यासाठी एक उदाहरण घ्या. सपाट रस्त्यावर एक रिकामी हातगाडी आणि एक धान्याच्या पोत्यांनी भरलेली हातगाडी सारख्याच वेगाने चालल्या आहेत. दोन्हींचे वजन जमिनीने पेललेले आहे. ते तुम्हाला उचलावयाचे नाही. तरी रिकामी गाडी तुम्ही सहज थांबवाल आणि भरलेली गाडी तुम्हालाच फरफटत नेईल. ही जी वस्तूची हट्टी वृत्ती, स्थिर असेल तर स्थिर राहण्याची आणि चालती असेल तर चालत राहण्याची, तिला जडत्व म्हणतात. जितके वस्तुमान अधिक, तितके जडत्व अधिक. वजनाचा त्यात संबंध नाही.

पण मग एक शंका उरते. एक शेर सोने आणि एक शेर गहू पृथ्वी सारख्याच जोराने ओढते. त्या दोहोंचे वस्तुमानही सारखेच असेल कशावरून? कदाचित सोन्यावर पृथ्वीची ओढ विशेष असेल आणि वजन तेवढेच भरले तरी द्रव्य कमी असेल! ही शंका पोरकट नाही. ती खरी ठरती, तर न्यूटनची सारी इमारत कोसळली असती. कारण सूर्य, पृथ्वी, चंद्र आणि सफरचंद यांना एकच नियम लागू आहे, हाच त्या इमारतीचा पाया होता. तर्कावर विसंबून न राहता त्याने प्रयोग केला.

त्याने लाकडाच्या दोन अगदी सारख्या पेट्या घेतल्या. एकीत लाकूड भरले. दुसरीत तितक्याच वजनाचे सोने ठेवले. अकरा अकरा फूट लांबीच्या दोऱ्यांनी त्या टांगून त्याने त्यांचे लंबक केले. पेट्यांचा आकार सारखा, म्हणून हवेचा अडथळा सारखा. वजन सारखे, म्हणून पृथ्वीची ओढ सारखी. आता सोन्याचे वस्तुमान लाकडाहून थोडेही कमी असते, तर सोन्याची पेटी अधिक चपळाईने हेलकावली असती आणि लवकरच पुढे गेली असती. न्यूटनने दोन्ही पेट्या एकदम सोडल्या. त्या शेजारी शेजारी, बरोबरीने, कितीतरी वेळ हेलकावत राहिल्या. मग सोन्याच्या जागी त्याने चांदी घेतली, शिसे घेतले, काच, वाळू, मीठ, पाणी आणि शेवटी शेतकऱ्याच्या घरचा गहूही घेतला. प्रत्येक वेळी तेच. हजारात एका भागाचा फरक असता, तरी तो या प्रयोगात दिसून आला असता, असे त्याने नमूद केले आहे. मला तर या ग्रंथातील मोठमोठ्या सिद्धान्तांइतकाच हा गव्हाच्या पेटीचा प्रयोग थोर वाटतो.

एका ठिकाणी वजन सारखे तेथे वस्तुमानही सारखे, हे अशा रीतीने ठरले. म्हणूनच आपल्या वाण्याचा तराजू खोटा ठरत नाही. दोन्ही पारड्यांवर पृथ्वीची ओढ सारखीच कमी-जास्त होते, त्यामुळे तराजू केयेनमध्येही तोच तोल दाखवील. तानकाट्याचे मात्र तसे नाही. त्यात स्प्रिंग ताणली जाते ती प्रत्यक्ष ओढीने. पॅरिसमध्ये एक किलोग्रॅम दाखविणारी वस्तू त्याच तानकाट्यावर केयेनमध्ये सुमारे तीन ग्रॅम कमी दाखवील.

रिशेच्या घड्याळाचे कोडेही न्यूटनने उलगडले. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्तावरील वस्तूंचे वजन किंचित कमी भरते. शिवाय याच फिरण्यामुळे पृथ्वी मध्यभागी फुगीर व ध्रुवांजवळ चपटी झाली आहे. म्हणून विषुववृत्तावरचा माणूस तिच्या केंद्रापासून अधिक दूर असतो. पृथ्वी चपटी आहे, हे त्याने खोलीत बसून, लंबकाच्या आधाराने सांगितले. त्याच्या मृत्यूनंतर फ्रेंच शास्त्रज्ञांच्या तुकड्या उत्तरेस लॅपलंडात व दक्षिण अमेरिकेत गेल्या आणि प्रत्यक्ष जमीन मोजून त्यांना तेच आढळले.

एवढा ग्रंथ तयार झाला. परंतु तो जगापुढे येणे मात्र सोपे नव्हते. रॉयल सोसायटी या विद्वानांच्या मंडळाने तो छापण्याचे ठरविले खरे. पण तिची तिजोरी रिकामी होती. माशांविषयीच्या एका भव्य सचित्र ग्रंथावर तिने बराच पैसा घातला होता आणि तो ग्रंथ काही खपत नव्हता. तेव्हा छपाईचा खर्च हॅलेने स्वतःच्या खिशातून केला. तो सोसायटीचा नोकर होता. त्याचा पगार तिने पुढे कशात चुकता केला म्हणाल, तर त्याच माशांच्या पुस्तकाच्या प्रतींत! इतक्यात हूकने अशी तक्रार केली की, अंतराच्या वर्गाचा नियम मूळ आपला आहे. त्याने काही वर्षांपूर्वी न्यूटनला तशा अर्थाची पत्रे लिहिली होती, हे खरे. पण कल्पना सुचणे वेगळे आणि ती गणिताने सिद्ध करणे वेगळे. न्यूटन संतापला. ग्रंथाचा तिसरा भाग, ज्यात ग्रह, चंद्र, भरती-ओहोटी व धूमकेतू यांचे विवेचन आहे, तो प्रसिद्धच करावयाचा नाही असे त्याने कळविले. हूकचे नाव त्याने हस्तलिखितात अनेक ठिकाणी खोडून टाकले. हा कोतेपणा त्याच्यासारख्याला शोभणारा नव्हता. हॅलेने मात्र धीर सोडला नाही. पत्रामागून पत्रे लिहून त्याने त्याची समजूत काढली, मुद्रिते तपासली, आकृत्यांवर नजर ठेवली. १६८७ च्या जुलैत ‘प्रिन्सिपिया’ तिन्ही भागांसह प्रसिद्ध झाला. हॅले नसता, तर ते कागद केंब्रिजच्या त्या खोलीत कधीच्या काळी पुन्हा हरवले असते.

पुढे न्यूटनला मानमरातब पुष्कळ मिळाले. १६९६ पासून तो लंडनच्या सरकारी टांकसाळीचा अधिकारी झाला. तेव्हा चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून ती हलकी करण्याचा धंदा बोकाळला होता. वजनाचे मर्म जाणणारा हा पंडित खोटी नाणी पाडणाऱ्यांचा कर्दनकाळ ठरला. १७०३ साली तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला व १७०५ साली राणीने त्याला सर ही पदवी दिली. मार्च १७२७ मध्ये तो मरण पावला आणि लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबी या मंदिरात राजेरजवाड्यांच्या शेजारी त्याला पुरण्यात आले. त्याच्या नियमांच्या आधारे हॅलेने एका धूमकेतूच्या पुनरागमनाचे भाकीत केले होते. हॅले १७४२ साली वारला. धूमकेतू १७५८ च्या नाताळच्या रात्री दिसला.

आज शास्त्रात जोराचे माप न्यूटन या नावानेच ओळखले जाते. वजन हाही एक जोर असल्यामुळे खरे पाहता ते न्यूटनमध्ये सांगावयाचे व वस्तुमान किलोग्रॅममध्ये. एक किलोग्रॅम वस्तुमानाचे वजन येथे सुमारे ९.८ न्यूटन भरते. म्हणजे मध्यम आकाराच्या एका सफरचंदाचे वजन एक न्यूटनच्या आसपास येते. चंद्रावर हेच वजन सुमारे सहावा हिस्सा होईल. ३६ किलोग्रॅम वस्तुमानाचा मुलगा तेथे तानकाट्याला लोंबकळला, तर काटा ६ वर थांबेल. पण मुलगा होता तेवढाच असेल. भरलेली हातगाडी तेथे उचलणे सोपे जाईल. धावती गाडी एकाएकी थांबविणे मात्र येथल्याइतकेच कठीण.

१९७१ साली डेव्हिड स्कॉट हा अमेरिकन अंतराळवीर चंद्रावर उतरला होता. त्याने एका हातात हातोडा व दुसऱ्या हातात पक्ष्याचे पीस धरले आणि दोन्ही एकदम सोडून दिली. चंद्रावर हवेचा अडथळा नाही. हातोडा आणि पीस सावकाश, बरोबरीने खाली आली आणि एकाच क्षणी धुळीला टेकली.